कातळ आणि नोंदणी शुल्क

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतले घाटरस्ते दगड बघायला सगळ्यांत चांगले. चार महिन्यांच्या पावसानं कापांवरची धूळ आणि वाहनांची काजळी धुऊन गेलेली असते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात खडक कोरडा झाला की त्याचे खरे रंग वर येतात. वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणी घाटात अशा दिवसांत सावकाश चालत गेलं तर काळ्या-करड्या कातळाच्या दोन जाड थरांमध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. आम्ही हौशी माणसं लाल थर म्हणतो. नखानं खरवडला तर त्याची भुकटी बोटाला लागते. चिमूटभर जिभेवर ठेवली तर चिकणमातीसारखी चिकटते. वरच्या कडेला मात्र तो कडक आणि गडद असतो, कारण नंतर आलेला तापलेला लाव्हा तिथे टेकला आणि त्यानं ती माती भाजून काढली. खालचा कातळ म्हणजे एक उद्रेक, वरचा कातळ म्हणजे दुसरा, आणि मधला हा लाल पट्टा म्हणजे दोहोंमधली विश्रांती. त्या विश्रांतीत पाऊस पडला, खडक कुजला, कदाचित दूरच्या एखाद्या ज्वालामुखीची राखही येऊन बसली.

मी शाळेत मराठी शिकवते. भूशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. भिंग आहे, हातोडी आहे, वह्या आहेत आणि सुट्टीचे दिवस आहेत. माझ्या वह्यांमध्ये या लाल थरांच्या नोंदी आहेत: कुठल्या वळणावर किती जाड, रंग कसा, वरची कड कशी, थर मध्येच कुठे बारीक होत संपतो. रस्ते रुंद होत चाललेत. कापलेल्या कड्यांवर दरडी थांबवायला जाळ्या बसतात, कुठे सिमेंटचा फवारा मारतात, आणि काल दिसणारा थर उद्या दिसेनासा होतो. म्हणून जवळ राहणाऱ्या माणसानं तो वेळेवर पाहून ठेवणं, मोजून ठेवणं याला मी मोल देते.

या थराला जगातही मोल आहे. बसॉल्टमध्ये झिरकॉनचे स्फटिक सहसा सापडत नाहीत, पण लाल थरांत मिसळलेल्या राखेत ते मिळतात, आणि झिरकॉनवरून खडकाचं वय फार बारकाईनं काढता येतं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सह्याद्रीतल्या अशा थरांमधले झिरकॉन वेचून दख्खनच्या उद्रेकांचं वेळापत्रक मांडलं. त्यांचा २०१९ चा निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याच्याच त्या अंकात दुसऱ्या गटानं आरगॉनच्या पद्धतीनं लाव्हाचीच वयं काढली, आणि दोन्ही वेळापत्रकं पूर्ण जुळली नाहीत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर लघुग्रह आदळला, डायनोसॉर गेले. त्या घटनेच्या आधी आपल्याकडे किती लाव्हा वाहून झाला होता आणि नंतर किती वाहिला, हा वादाचा मुद्दा. वाद अजून चालू आहे. ज्या मातीवरून तो चाललाय ती माझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे.

ते वाद रंगतात परिषदांमध्ये. व्हिएन्नाला दर वसंतात युरोपची मोठी परिषद भरते, अमेरिकेत हिवाळ्याच्या तोंडावर तिथली. आंतरराष्ट्रीय भूशास्त्र काँग्रेस साधारण चार वर्षांनी एकेका देशात जाते. तिथल्या अंधारलेल्या दालनांत पडद्यावर दख्खनच्या थरांचा उभा छेद उमटतो आणि वक्ते खालून वर नावं वाचत जातात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. लाव्हाच्या रासायनिक जडणघडणीवरून गट पाडले तेव्हा शास्त्रज्ञांनी ज्या त्या गटाला जवळच्या गावाचं, घाटाचं नाव दिलं. सगळी आपली नावं. एसटीच्या पाट्यांवर वाचलेली. ती परक्या देशात, परक्या उच्चारात, अत्यंत आदरानं घेतली जातात हे मला फार सुंदर वाटतं. आणि ज्या गावांची ती नावं आहेत तिथलं कुणीच बहुधा त्या दालनात नसतं, याची रुखरुखही वाटते.

न जाण्याचं कारण सोपं आहे. परवडत नाही.

हिशेब मांडून बघू. परदेशातल्या मोठ्या परिषदेचं नुसतं नोंदणी शुल्क शेकडो डॉलर किंवा युरो असतं. व्हिएन्नाच्या परिषदेत तर सारांश पाठवतानाच वेगळी रक्कम भरायची. पुढे जाता आलं नाही तरी ती परत मिळत नाही. त्यावर विमान, व्हिसा, विमा, आणि परिषदेच्या आठवड्यात महागलेली हॉटेलं. ती वाट माझ्यासारखीनं धरायचीच नाही, असं गृहीत धरू. देशातल्या परिषदेकडे वळलं तर शुल्क काही हजारांवर येतं, त्यावर जीएसटी. ठरावीक तारखेच्या आत भरलं तर कमी, नंतर जास्त. ती तारीख अशा वेळी येते की शाळेच्या सुट्टीचा अंदाजही लागलेला नसतो. रेल्वेचं आरक्षण. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर ठीक, नाहीतर लॉज. पोस्टर लावायचं तर ते छापायचं. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे मी माझं पोस्टर छापून घेते. त्याच यंत्रातून आधी कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा निघालेल्या असतात, मग माझ्या लाल थराचे फोटो निघतात. तो तरुण रंग जुळवायला फार मन लावतो. पहिल्या छपाईत थर गुलाबी आला तेव्हा मी पिशवीतला नमुना त्याच्या टेबलावर ठेवला आणि त्यानं तो दगड बघून विटकरी छटा आणून दिली.

मग रजा. परिषद माझ्या विषयाची नाही, म्हणून ती शैक्षणिक कामात धरत नाहीत. किरकोळ रजा संपली की बिनपगारी. प्राध्यापकाला संस्था प्रवासखर्च देते, संशोधक विद्यार्थ्याला कुठली तरी शिष्यवृत्ती असते, कंपनीतल्या भूशास्त्रज्ञाचं शुल्क कंपनी भरते. म्हणजे त्या दालनात बसलेल्यांपैकी बहुतेकांचा खर्च कुणीतरी दुसऱ्यानं उचललेला असतो. हौशी माणूस मात्र पैसा भरतो तो घरातला. माझा भिशीचा नंबर लागला की ती रक्कम मी वेगळ्या डब्यात ठेवते. घरात सगळ्यांना तो डबा माहीत आहे आणि त्याला कुणी हात लावत नाही. हा घरच्यांचा मोठेपणा मी मानते. कारण त्या पैशांत दुसरं काय काय येऊ शकतं हे मला कळतं, त्यांनाही कळतं.

नोंदणीच्या अर्जात एक रकाना असतो: संस्था. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शुल्काच्या तक्त्यात ओळी ठरलेल्या: विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, उद्योगक्षेत्रातले, परदेशी प्रतिनिधी, सोबत आलेली व्यक्ती. मी यांत कुठे बसते? विद्यार्थी नाही, कारण ओळखपत्र नाही. या विषयाची अध्यापक नाही. मग उरते सगळ्यांत महागडी ओळ, किंवा ‘सोबत आलेली व्यक्ती’, जिला जेवणं आणि शहरदर्शन मिळतं, व्याख्यानं नाहीत. मुद्दा हजार-दोन हजारांच्या फरकाचा असतो तसा तक्ता करणाऱ्याच्या मनात कोण होतं याचाही असतो. ज्याच्यासाठी ओळच नाही, त्यानं यावं असं कुणाला सुचलेलं नाही.

तरी मी हे पैसे देते, आणि खुशीनं देते. त्याचं कारण दालनांत कमी आणि बसमध्ये जास्त आहे. परिषदेच्या आधी किंवा नंतर क्षेत्रभेटी असतात. त्यांचं शुल्क वेगळं, आणि बरेचदा नोंदणीहून चढं. बस, मुक्काम, जेवण, वाट दाखवणारे जाणकार, सगळं त्यात येतं. बसमधल्या जागाही मोजक्या. पण एखादा थर आयुष्यभर बघितलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून तोच थर बघणं, याला दुसरा पर्याय नाही.

एका क्षेत्रभेटीत आम्ही रस्त्याकडेच्या एका कापापाशी थांबलो होतो. सगळे वर बघत होते. एक वृद्ध प्राध्यापक मात्र खाली बसले, अगदी लाव्हाच्या तळाशी, आणि त्यांनी बाटलीतलं पाणी खडकावर ओतलं. ओल्या झालेल्या कातळात बोटाएवढ्या पांढऱ्या नळ्या उमटल्या, एकीशेजारी एक. “बाई, इकडे या. खाली बसा. उभ्यानं दिसायचं नाही हे,” ते म्हणाले. लाव्हा सरकताना त्याच्या तळाशी वायूचे बुडबुडे वर चढतात, त्यांच्या वाटेच्या नळ्या होतात आणि मागाहून पाण्याबरोबर आलेली खनिजं त्या भरून टाकतात. “आता यांचा कल बघा.” नळ्या वरच्या टोकाला किंचित एका बाजूला झुकल्या होत्या. लाव्हा पुढे सरकत होता तिकडे. त्यांनी माझा हात धरून नळीवरून फिरवला, तेव्हा तो कल बोटांनाही लागला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या जागी लाव्हा कोणत्या दिशेनं गेला हे मला त्या दुपारी हातानं कळलं. पुस्तकात हे होतंच. मी वाचलंही होतं. पण पाणी ओतून खाली बसायचं असतं, हे पुस्तकात नव्हतं.

भूशास्त्राच्या दारावरचं हे शुल्क आजचं नाही. लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी १८०७ च्या नोव्हेंबरात एका खानावळीत, फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये, जन्मली. महिन्यातून एकदा जमायचं, जेवायचं, दगडांबद्दल बोलायचं. जेवणाचे माणशी १५ शिलिंग. शेतमजुराच्या आठवड्याच्या कमाईत ते बसत नव्हतं. त्याच काळात लोहाराचा मुलगा विल्यम स्मिथ कालव्यांची मोजणी करत इंग्लंडभर पायपीट करत होता. कालवा खणताना उघड्या पडणाऱ्या थरांत ठरावीक जीवाश्म ठरावीक क्रमानं येतात हे त्यानं ओळखलं आणि १८१५ मध्ये एकट्याच्या बळावर इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढला. सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं नाही. तिच्या पुढाऱ्यांनी स्वतःचा नकाशा काढला. १८१९ मध्ये स्मिथ कर्जापायी तुरुंगात गेला. आपल्या जीवाश्मांचा संग्रह तर त्यानं आधीच विकला होता. १८३१ मध्ये त्याच सोसायटीनं पहिलं वोलास्टन पदक त्याला दिलं, हा तिचा चांगुलपणा. पण मधली वर्षं कुणी परत देऊ शकलं नाही.

आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रिजिसची मेरी ॲनिंग. समुद्रकड्यांवरून जीवाश्म काढून ते विकून पोट भरणारी. १८२३ च्या हिवाळ्यात तिनं प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. पुढच्या फेब्रुवारीत सोसायटीच्या सभेत त्यावर भूशास्त्रज्ञ कोनिबेअर यांचं गाजलेलं व्याख्यान झालं. सांगाडा जहाजानं लंडनला पोचला. जिन्यावरून वर नेता येईना म्हणून तो खालच्या वाटेतच ठेवावा लागला आणि सभासदांनी तिथे जाऊन तो पाहिला. सांगाडा निदान जिन्यापर्यंत तरी आला. तो ज्या हातांनी कड्यातून सोडवला त्या हातांना वाटेतही जागा नव्हती. व्याख्यानात तिचं नाव नव्हतं. बायकांना त्या सोसायटीचं सभासदत्व मिळायला १९१९ उजाडलं. शुल्क पैशांत मोजता येतं तेवढंच नसतं, हे मेरीमुळे मला कळतं.

आपल्याकडचं उदाहरण नागपूरचं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. भूशास्त्र त्यांचा व्यवसाय नव्हता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर फिरताना त्यांना नागपूरजवळ टाकळीला दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या विश्रांतीत इथे तळी होती आणि त्यांत जीव नांदत होते. माझ्या लाल थराची ती ओली भावंडं. १८५५ मध्ये त्या दोघांचा निबंध लंडनच्या त्याच सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. निबंध आणि पेट्या जहाजानं जात. माणसं नागपुरातच राहत. १८६३ मध्ये टाकळघाटला शिलावर्तुळं पाहायला गेलेले हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांच्या नोंदींवर पुढच्या कित्येकांनी काम केलं. हौशी माणूस जिथे राहतो तिथलं रोज बघतो, हीच त्याची ताकद. पण त्याचं बघणं दुसऱ्या जाणकारांच्या कानांवर पडलं तरच ते शास्त्रात जमा होतं, नाहीतर त्याच्याबरोबरच संपतं. लंडनच्या हौशी मंडळींनी हे ओळखून १८५८ मध्ये जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन काढली. तिच्यात बायकांना पहिल्यापासून प्रवेश होता, आणि सहली हा तिच्या कामाचा कणा झाला.

आंतरराष्ट्रीय काँग्रेस १९६४ मध्ये दिल्लीला आली होती, आशियात पहिल्यांदा. पुन्हा येणार होती मार्च २०२० मध्ये. देशभरच्या क्षेत्रभेटी ठरल्या होत्या. मी डबा उघडून मोजदाद केली होती. मग महामारी आली, परिषद पुढे गेली, आणि शेवटी २०२२ च्या मार्चमध्ये पडद्यावरच झाली. पण २०२० च्या मेमध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. व्हिएन्नाची परिषद ऑनलाइन भरली आणि सहभागाला शुल्क नव्हतं. आमच्या दुपारी तिथली सकाळ सुरू व्हायची. मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून मोबाइलवर दख्खनबद्दलच्या चर्चा वाचत होते. लोक प्रश्न टाइप करत, लेखक उत्तरं टाइप करत. प्रवास नाही, रजा नाही, संस्थेचा रकाना आडवा नाही. दार इतकं रुंद उघडता येतं हे त्या आठवड्यानं दाखवून दिलं. पडद्यावर कुणी खडकावर पाणी ओतून हात धरून बसवत नाही, हे खरं. म्हणून पडदा पुरेसा नाही. पण ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्यांना तो खूप काही होता, आणि आता पुन्हा ते दार भिडत चाललंय याचं मला वाईट वाटतं.

परिषद भरवायला पैसा लागतो हे मला मान्य आहे. सभागृहाचं भाडं, चहा-जेवण, छपाई, ध्वनियंत्रणा, बस, यांतलं काही फुकट नाही, आणि आयोजक प्राध्यापक महिनोन्महिने राबतात. शुल्क माफ करा असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं तक्त्यातल्या ओळींबद्दल आहे. संस्था नसलेल्यांसाठी एक ओळ असावी. एका दिवसाचा प्रवेश असावा. बसमधल्या दोन जागा, ज्या तालुक्यातले खडक बघायला बस निघालीय त्या तालुक्यातल्या माणसांसाठी राखलेल्या असाव्यात. पोस्टरच्या सत्रात एक तास त्या मुलुखाच्या भाषेतला असावा. यांपैकी कशानंही परिषदेचं अंदाजपत्रक कोलमडत नाही.

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. विहिरी खोदण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या भागात जमिनीच्या पोटात किती हातांवर काय लागतं हे त्यांच्याइतकं कुणी बघितलेलं नाही. घाटातला काप मला एका बाजूनं दिसतो, ते चारही बाजूंनी थर असलेल्या खड्ड्यात उभे राहिलेत. मी त्यांना लाल थराचा नमुना दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात चुरला आणि म्हणाले, “हे तांबडं होय! हे लागलं की बाई, पाणी त्याच्या डोक्यावर बसतं. आणि भिंत ढासळायची भीती. म्हणून तिथे आधी बांधून घ्यायचं, मग खाली जायचं.” मग त्यांनी कुठल्या वस्तीवर ते किती खोल लागलं, कुठे लागलंच नाही, हे एकामागून एक सांगितलं. मी भराभर लिहून घेत होते. घाटात जो थर बारीक होत संपताना मी पाहिला होता, तो पठाराखाली पुढे कुठपर्यंत जातो याचा तो तोंडी नकाशा होता. परिषदेला जायचं म्हणजे त्यांची रोजची मजुरी बुडणार, आणि शुल्काच्या तक्त्यात त्यांच्यासाठी ओळ असण्याची शक्यता माझ्याहूनही कमी.

त्या नोंदी मी आता माझ्या मोजमापांशेजारी मांडतेय. पुढच्या पोस्टरवर त्यांचं नाव लेखक म्हणून माझ्या आधी येईल, कारण खोलीची मापं त्यांची आहेत. पुढच्या परिषदेचं पत्रक निघालं की मी आयोजकांना पत्र लिहीन, नवी ओळ मागेन. ओळ मिळाली तर आनंदच आहे. नाही मिळाली तरी डब्यात यंदा दोघांचं शुल्क साठवायला मी सुरुवात केलीय. भिशीतल्या बायकांना कशासाठी ते सांगितलं, तर त्यांनी यंदाचा पहिला नंबर मला दिला.